४०४ चं पान, म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही की दिसतं ते, आकर्षक कसं करावं? चित्र किंवा विनोद टाकला तर चालेल का?

चित्राचं नंतर बघू. तुमच्या साइटवर तुटक्या लिंकवरून येणार कोण, ते आधी ठरवा.

मी जळगावात होस्टिंग आणि सर्व्हर सांभाळतो. पारोळ्याकडच्या एका जिनिंगची साइट माझ्याकडे होती. तिच्यात लोकांच्या कामाचं एकच पान, ‘आजचा भाव’. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच लिंक फिरायची. शेतकरी ती उघडून भाव बघायचा आणि मगच कापसाची गाडी भरायचा. मालकाच्या मुलाने पुण्याच्या एका एजन्सीकडून साइट नवी करून घेतली. पानांचे पत्ते सगळे बदलले, जुने कुठेच वळवले नाहीत. दिवाळीनंतरच्या ऐन हंगामात भाव बघायला गेलेल्याला काय दिसलं? तरंगणारा अंतराळवीर. खाली इंग्रजीत ‘ऊप्स! यू आर लॉस्ट इन स्पेस’.

त्यात बऱ्याच जणांचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, बाकी. संध्याकाळपर्यंत जिनिंगवाल्याने गाशा गुंडाळल्याची बातमी तालुकाभर. माझ्या मामाचा फोन आला, ‘हाई काय से रे भाऊ? मालक पयी गया (पळून गेला) का?’ दुसऱ्या दिवशी फाटकावर माणसं जमली. मालक आत बसून चहा पीत होता, त्याला काही पत्ताच नाही.

एजन्सीचा डिझायनर फोनवर मला ‘ब्रँड पर्सनॅलिटी’ समजावत होता. मग त्याने उपाय काढला, सगळ्या तुटक्या लिंका थेट मुख्य पानावर वळवायच्या. हे तर त्याहून वाईट. माणूस भाव मागतोय आणि समोर हार घातलेल्या मालकाचा फोटो. आपण इथे का आलो हे त्याला कोण सांगणार? बरं, गूगलही अशा सरसकट वळवण्याला ‘सॉफ्ट ४०४’च, म्हणजे न सापडलेलं पानच, समजतं, म्हणजे तिकडूनही फायदा नाही.

शेवटी मीच बसलो. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१, म्हणजे कायमचं वळण, लावला, अर्धं दुखणं तिथेच गेलं. उरलेल्यांसाठी साधं पान, ठळक मराठीत: ‘हे पान इथे नाही. जिनिंग नेहमीप्रमाणे चालू आहे.’ त्याखाली आजच्या भावाची मोठी लिंक आणि जो फोन खरंच उचलला जातो त्याचा नंबर. चित्र शून्य, कारण शिवारात नेटची रेंज कशी असते ते मला माहीत आहे. चुकीचा पत्ता टाकल्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारू नका, बहुतेक वेळा लिंक आपणच मोडलेली असते.

प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हर ब्राउझरला एक आकडी कोड पाठवतो, तो खरा जाऊ द्या. पान छान मराठीत आणि मागून २००, म्हणजे ‘पान सापडलं’, जातोय, असं करू नका. कायमचं काढलेलं पान असेल तर ४१०, दुरुस्ती चालू असेल तर ५०३. अपाचे हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘एररडॉक्युमेंट’ला (गडबड झाली की कोणतं पान दाखवायचं ते सांगणाऱ्या सेटिंगला) ‘एचटीटीपी’पासून पूर्ण पत्ता देऊ नका, नुसता ‘/’ ने सुरू होणारा द्या. पूर्ण पत्ता दिला की अपाचे ब्राउझरला तिकडे वळवतं आणि मूळ ४०४ हरवतो. त्या एजन्सीने नेमकं हेच करून ठेवलं होतं, म्हणून मोडलेल्या लिंका कोणत्याच अहवालात दिसत नव्हत्या आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला ते मोकळे.

माझं स्पष्ट मत, हे पान डिझायनरच्या हाती देऊ नका. जो गिऱ्हाइकाचे फोन घेतो त्याच्याकडून मजकूर लिहून घ्या. महिन्यातून एकदा सर्व्हरचा लॉग (नोंदवही) उघडून कोणत्या पत्त्यांवर सर्वांत जास्त ४०४ येतात ते बघा आणि ते आधी वळवा.

हां, तुमची साइट कॅफेची किंवा फोटोग्राफरची असेल तर टाका चित्र, माझी हरकत नाही. तिथे कुणाचा चुकारा अडकलेला नसतो. फक्त हलक्या वजनाचं टाका, आणि पैसे भरण्याच्या पानांवर ५००, म्हणजे सर्व्हरमधला बिघाड, आला तर तिथे विनोद नको. तिथे पैसे कापले गेले की नाही, एवढंच सांगा.