दंड गुगलला, मग माझी भरपाई कुठं?

प्रश्न : ताई, मी बार्शीत ब्लाऊज शिवते. ऑर्डरी, गिऱ्हाइकांची मापं, सगळं फोनवर. चौदा महिन्यांपूर्वी १७,९९९ रुपयांचा फोन ऑनलाइन मागवला. गेल्या महिन्यात रात्री अपडेट लावून झोपले, सकाळी बघते तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. फोन पडला नाही, भिजला नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, वॉरंटी संपली, डिस्प्लेचे ७,८०० भरा. भाचा म्हणतो, सरकारनं मोबाइलवाल्यांना तेराशे कोटींचा दंड केलाय, त्यातून भरपाई मिळते. खरं का? आणि फोनमध्ये आधीच भरलेली ॲप काढता का येत नाहीत?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : भाच्यानं बातमी अर्धीच वाचली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं (बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या दादागिरीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो गुगलला. प्ले स्टोअर हवं तर आमची बाकीची ॲपही फोनमध्ये घाला, अशी अट गुगल फोन कंपन्यांना घालत होतं. तो पैसा सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या-माझ्या खात्यात नाही. ही ॲप ग्राहकाला काढू द्या, असंही आयोगानं बजावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याचा आदेश आणखी तीन आदेशांसोबत रद्द केला. म्हणजे दंडही राहिला आणि ॲपही राहिली! सेटिंगमध्ये जाऊन ती ‘डिसेबल’ करा, बऱ्याच ॲपना ते चालतं.

आता रेघेचं. इटलीत २०१८ मध्ये अपडेटनंतर फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला. तिथं स्पर्धा आणि ग्राहक, दोन्हींची राखण एकच संस्था करते. आपल्याकडे दारं वेगळी. तुमचं दार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यावरच कंपनी नरमते.

‘वॉरंटी संपली’ हे ऐकून गप्प बसू नका. तुमचं म्हणणं असं मांडा, की अपडेट कंपनीनं पाठवला, मी तिच्याच सूचनेवरून लावला आणि त्यानंतर स्क्रीन बिघडली. मात्र हे सिद्ध तुम्हालाच करावं लागेल. खात्रीनं जिंकाल असं मी सांगणार नाही. अपडेटची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, रेघेचा फोटो काढा, बिल शोधून ठेवा.

आणि जॉबशीट! सर्व्हिस सेंटरला फोन देताना मिळतो तो कागद. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या जॉबशीटवर बारीक अक्षरात ‘कडेला ओरखडे’ असं लिहिलं होतं. त्यांनी न वाचता सही ठोकली. पुढं कंपनीच्या वकिलानं त्या दोन शब्दांवर अर्धा तास काढला. तुमच्या कागदावर ‘पडल्याची, भिजल्याची खूण नाही’ असं लिहून घ्या, मगच सही करा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी ईमेलनं कळवा.

तक्रारीत फोन बनवणारी कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही घाला, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. निकाल लागेपर्यंत गल्लीतल्या दुकानात डिस्प्ले बदलू नका, तुमचा पुरावा त्या जुन्या डिस्प्लेतच आहे. आयोग फोन प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो आणि मग तो लवकर परत येईल याचा भरवसा नाही. तेव्हा गिऱ्हाइकांची मापं आजच वहीत उतरवून घ्या.