घिरट्या घालणारं विमान पोलिसांचं असतं का?

या वेळी पत्रं बघितली तर बरीचशी धुळे-शिरपूर पट्ट्यातली आणि सगळ्यांची नजर आभाळात, म्हणून बाकीचे टायर-ऑइलचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत. वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : दादा, आम्ही चार-पाच पोरं रविवारी सकाळी बुलेट नि ड्यूक घेऊन धुळ्याहून शिरपूर, जमलं तर पळासनेरपर्यंत जाऊन येतो. सोनगीर सोडलं आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा शंभरच्या वर जातो, खोटं कशाला बोलू. पण हल्ली एक छोटं पांढरं विमान सारखं वर गोल गोल फिरत असतं आणि आमच्यातल्या एकाचा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, तो म्हणे तिकडे पोलीस विमानातून स्पीड मोजतात नि पुढे गाडी आडवी लावून धरतात. तेव्हापासून मागचा कोणी ओरडला की 'भो, वर देख, इमान उनं' की सगळे कचकन ब्रेक मारतात. ते विमान पोलिसांचं आहे का? – एक वाचक, धुळे

उत्तर : नाही भाऊ, ते शिकाऊ पायलटचं आहे. धुळ्याला गोंदूरच्या विमानतळावर नि तिकडे शिरपूरच्या धावपट्टीवर पोरं विमान चालवायला शिकतात, आणि शिकताना तेच तेच करायचं असतं, उडायचं, वळायचं, धावपट्टीच्या बाजूने समांतर जायचं, परत वळायचं, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचं. याला ते लोक सर्किट म्हणतात, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर चालतं, म्हणून तुम्हाला ते तिथल्या तिथे घिरट्या घालतंय असं दिसतं. आत बसलेल्या पोराला धावपट्टी, वारा, स्वतःचा स्पीड आणि शेजारी बसलेल्या सरांचा ओरडा एवढं सगळं सांभाळायचं असतं, त्याला तुमची ड्यूक बघायला वेळ कुठला.

पण गंमत अशी की तुमच्या मित्राचा भाऊ खोटं बोलत नाहीये. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सचे पोलीस, अमेरिकेत बऱ्याच राज्यांचे हायवे पोलीस, कॅनडात ऑन्टारिओचे पोलीस यांनी हा प्रकार केलेला आहे आणि त्यासाठी वापरतात तीही सेसना कंपनीची छोटी विमानंच, म्हणजे शिकाऊ पोरं जी चालवतात त्याच जातीची. कॅलिफोर्नियाच्या हायवे पेट्रोलकडे सेसना २०६ आहे. या विमानांचे पंख डोक्याच्या वर असतात त्यामुळे खालचा रस्ता सरळ दिसतो, दोघांनाही तेच सोयीचं. म्हणून खालून बघून फरक कळणार नाही हे मान्य. फक्त आपल्याकडे महामार्ग पोलीस स्पीड पकडायला विमान वापरत नाहीत, त्यांच्याकडे स्पीडगन बसवलेली इंटरसेप्टर गाडी आहे आणि ती झाडाखाली उभी असते.

मला तुमच्या पत्रात विमानापेक्षा ती ब्रेकची गोष्ट खटकली. शंभरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, पाच जण ओळीने चाललेत, पुढच्याने वर बघत ब्रेक दाबला, मागचाही वरच बघतोय, आणि त्याच्या मागे इंदूरकडे निघालेला लोड भरलेला ट्रक. हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि वर बघायची ड्युटी कोणालाच देऊ नका. मोटारसायकलला चार पदरी दुभाजकवाल्या हायवेला ८० ची मर्यादा आहे, केंद्राची २०१८ ची अधिसूचना आहे ती, गावात आणि साध्या रस्त्याला ६०, आणि बोर्डावर त्याहून कमी लिहिलं असेल तर बोर्डाचं चालतं. धुळे ते शिरपूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सलग शंभरने गेलात तर ८० वाल्याच्या आधी सात-आठ मिनिटं पोचाल, तेवढ्यात चहाही उकळत नाही.

प्रश्न : सर मी इंजिनिअरिंगला आहे. विमान स्वतःच ताशी दीडशे-दोनशेने उडतंय, मग खालच्या बाईकचा स्पीड त्याला कसा कळणार? दोघांचा स्पीड वजा करतात का? की खाली रडार मारतात? – विद्यार्थी, जळगाव

उत्तर : वजाबाकी नाही आणि जुन्या पद्धतीत रडारही नाही, स्टॉपवॉच आहे. रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे मारून ठेवलेले असतात, दोन पट्ट्यांमधलं अंतर आधीच मोजलेलं, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाव मैल म्हणजे साधारण ४०० मीटर. गाडी पहिल्या पट्ट्यावर आली की वरचा माणूस बटण दाबतो, दुसऱ्यावर आली की पुन्हा दाबतो. अंतर भागिले वेळ, संपलं. विमान किती वेगाने उडतंय, कुठल्या दिशेने जातंय याचा हिशेबात काही संबंधच येत नाही, कारण पट्टे जमिनीवर आहेत नि गाडीही जमिनीवर आहे, वरचा फक्त बघतोय.

आता आकडे तुझ्यासाठी. समज ५०० मीटरचा टप्पा आहे. ८० ने जाणाऱ्याला साडेबावीस सेकंद लागतात, १०० वाल्याला १८, १२० वाल्याला १५. बटण दाबण्यात अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर १०० चे १०३ दिसतील, म्हणजे चूक होते पण फार नाही, आणि टप्पा जितका लांब तितकी ती कमी होते. म्हणून काही ठिकाणी एकाच गाडीला लागोपाठ दोन-तीन टप्प्यांत मोजतात. हा सरासरी वेग असतो हे लक्षात घे, एक सेकंद काटा वर गेला नि खाली आला तर यात दिसत नाही, पण जो पूर्ण टप्पा दामटत गेला तो यातून सुटत पण नाही, ऐनवेळी ब्रेक मारून फायदा नाही कारण ऐनवेळ कधी होती तेच त्याला माहीत नसतं.

यात कच्चा दुवा वेगळाच आहे. हजारभर फुटांवरून नंबर प्लेट वाचता येत नाही. मग वरचा माणूस वायरलेसवर खालच्या गाडीला सांगतो की काळी बाईक, लाल हेल्मेट, दोन ट्रकच्या मधे, आणि खालचा पोलीस अडवेपर्यंत त्याने त्या बाईकवरची नजर काढायची नाही. पुलाखालून गेली, मधे तशीच दुसरी आली, की भानगड.

स्पेनने यावर उपाय काढला. तिथल्या वाहतूक खात्याकडे २०१३ पासून पेगासस नावाची यंत्रणा बसवलेली हेलिकॉप्टरं आहेत, त्यात एक कॅमेरा रस्ता लांबून बघतो आणि दुसरा जवळून नंबर प्लेटचा फोटो काढतो, स्पीड यंत्र काढतं, खाली पोलीस उभा असो की नसो. तिथे वर बघून ब्रेक मारण्यात निदान काहीतरी अर्थ आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, तिथे सेकंडहँड मोटारसायकल घेतली. परवा फोनवर म्हणाला आई मला विमानाने पकडलं, दंड आलाय. मला आधी वाटलं थट्टा करतोय. पोलिसाने नुसतं म्हणायचं वरून बघितलं आणि आपण पैसे भरायचे, असं असतं का हो? यांना तर वाटतंय कोणीतरी फसवतंय त्याला. – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, थट्टा नाही आणि रस्त्यावर गणवेशातल्या पोलिसाने थांबवून कागद हातात दिला असेल तर फसवणूकही नाही. नुसत्या फोनवर किंवा मेसेजमध्ये लिंक आली असेल तर मात्र ती उघडू नको म्हणावं, तसले मेसेज तिकडेही येतात नि इकडेही.

आता नुसतं म्हटलं आणि भरायचं असं नसतं. त्याला कोर्टात जाता येतं. तिथे स्पीड मोजणारा एक आणि अडवणारा दुसरा, त्यामुळे दोघांची साक्ष लागू शकते, वरच्याला सांगावं लागतं की मी अमुक गाडी अमुक पट्ट्यांमधे अमुक सेकंदांत मोजली आणि खालच्याला सांगावं लागतं की मी तीच अडवली. पट्ट्यांचं अंतर कोणी कधी मोजलं, घड्याळ तपासलेलं होतं का, हेही वकील विचारतात. मुलगा खरंच जोरात होता का ते त्याला शांतपणे विचारा, यांच्यासमोर नको, आणि होता असं म्हणाला तर वकिलाची फी नि दंड यांचा हिशेब त्याचा त्याला करू द्या.

आणि एक, तिकडे 'विमानातून वेगतपासणी' असे बोर्ड रस्त्याच्या कडेला दिसतात त्या सगळ्या ठिकाणी विमान असतंच असं नाही. विमान उडवायचा तासाचा खर्च, पायलट, शिवाय खाली पोलिसांच्या दोन-तीन गाड्या अडकलेल्या, हे परवडेना म्हणून व्हर्जिनियासारख्या राज्यात विमानं बंद पडली तरी बोर्ड तसेच उभे राहिले. शेतात बुजगावणं उभं करतो तसंच की, पाखरांना काय माहीत.

प्रश्न : ऑनलाइन एक रडार डिटेक्टर मिळतोय, हँडलला लावायचा, पोलीस पुढे असले की बीप देतो म्हणे. विमान असो की स्पीडगन, सगळं पकडतो असं लिहिलंय. घेऊ का? – नंदुरबार

उत्तर : नका घेऊ. डिटेक्टर बाहेरून येणारी लहर पकडतो. स्टॉपवॉचवाला विमानातून काहीच लहर सोडत नाही, तो डोळ्यांनी बघतो, डोळ्यांचा बीप कसा वाजणार? आणि आपल्याकडे इंटरसेप्टरवर असते ती लेझरवाली गन. ती इन्फ्रारेड किरणांचे ठोके तुमच्या गाडीवर मारते, ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर आणि अंतर किती पटकन कमी होतंय यावरून स्पीड, हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. तो किरण बारीक असतो, नेम धरून तुमच्यावरच मारलेला, म्हणजे डिटेक्टर वाजला तर त्याचा अर्थ फोटो निघाला. तेवढ्या पैशात चांगलं हेल्मेट येईल, निदान कोंडाईबारीच्या घाटात उपयोगी पडेल.

प्रश्न : पारोळ्याजवळ मला कोणी अडवलं नाही, हात केला नाही, काही नाही, आणि नंतर मोबाइलवर ओव्हरस्पीडचं चलान. माझ्या मीटरवर पंच्याऐंशी दिसत होतं हे मी स्वतः बघितलं होतं. न अडवता असं करता येतं का? आणि पाचसाठी कोणी चलान करतं का? – एरंडोल

उत्तर : न अडवता करता येतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला त्यात स्पीड कॅमेरा, स्पीडगन, सीसीटीव्ही, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा, नंबर वाचणारी यंत्रणा हे सगळं धरलंय. पण त्याच नियमात त्यांच्यावरही बंधनं घातली आहेत, ती लोक वाचत नाहीत. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं, जिथे यंत्र आहे त्याच्या आधी लोकांना दिसेल असा बोर्ड लागतो, आणि नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायची असं त्यात म्हटलंय. चलानवर फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा हे असायला पाहिजे. तुम्ही आधी ते उघडून बघा, कारण तुमच्या मीटरवरचं पंच्याऐंशी हा काही पुरावा नाही. मीटर मुळातच थोडा जास्त दाखवतो, कंपन्या तसाच ठेवतात, त्यामुळे मीटरला ८५ असताना खरा वेग ८० च्या आसपासच असायची शक्यता जास्त. म्हणून चलानवर ८५ असेल तर तुमच्या मीटरवर तेव्हा नव्वदीचं काहीतरी असणार, आणि ९५ असेल तर तुम्ही मीटर बघितलं ते नेमकं दुसऱ्या वेळी.

अजून एक शंका लोक काढतात की गन कडेला उभी राहून तिरकी धरली म्हणून चुकीचं आलं. तिरकी धरली तर येणारा आकडा खऱ्या वेगापेक्षा कमीच येतो, तुमच्या फायद्याचा. तो मुद्दा मांडायला जाऊ नका.

प्रश्न : नंबर प्लेट थोडी वर वाकवली तर कॅमेऱ्याला दिसत नाही हे खरं का? – नाव नको, चोपडा

उत्तर : नाव नको म्हणालात तिथेच उत्तर आलं. स्पीडचं एक चलान वाचवायला प्लेटचं दुसरं ओढवून घ्याल, आणि पोलीस चौकात वाकलेली प्लेट लांबूनच ओळखतो, त्याला कॅमेरा लागत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लावायची आहे, ती सरळ लावा.

प्रश्न : भाऊ, मी पाचोऱ्याला राहतो, केळीच्या व्यापाराचं काम आहे, गाडी त्या दिवशी घरात उभी होती, बायकोला विचारा. तरी मला दुसऱ्याच जिल्ह्यातल्या रस्त्याचं ओव्हरस्पीडचं चलान आलंय. आता मी तिथे जाऊन हेलपाटे घालू का? – पाचोरा

उत्तर : आधी चलानवरचा फोटो मोठा करून बघा. गाडीच वेगळी असेल, म्हणजे तुमची शाईन आणि फोटोत स्कूटर, तर एखादा आकडा वाचण्यात चूक झालीय, ३ चा ८ होतो, ते नेहमीचं आहे. हेलपाट्याची गरज नाही. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा साइटवर चलानबद्दल तक्रार टाकायची सोय आहे, तिथे तुमच्या गाडीचा मागून नंबर दिसेल असा फोटो आणि आरसी जोडा, आणि दोन ओळीत लिहा की फोटोतली गाडी माझी नाही. लांबलचक कहाणी लिहू नका, बायकोची साक्ष तर अजिबात नको. तक्रारीचा नंबर मिळेल तो जपून ठेवा, आणि घाईने पैसे भरून मोकळे होऊ नका कारण भरलं म्हणजे मान्य केलं.

फोटोत मात्र गाडी तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच रंगाची आणि नंबर अगदी बरोबर दिसत असेल तर प्रकरण वेगळं आहे, कोणीतरी तुमच्या नंबरची प्लेट बनवून फिरतोय. तेव्हा ॲपवर थांबू नका, तो फोटो घेऊन त्याच दिवशी पाचोऱ्याच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील, तेव्हा ती पोच हातात असू द्या.