घरच्या बिअरला येणारा केळ्याचा वास कसा घालवावा?

बेळगावच्या उन्हाळ्यात घरी केलेल्या बिअरला येणारा केळ्यासारखा वास घालवायचा असेल, तर माल्ट किंवा हॉप्स बदलण्याआधी आंबवण्याचे तापमान आवरावे. हा वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या रसायनाचा असतो (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम हवा असतो, ती गोष्ट वेगळी) आणि यीस्ट उष्णतेत झपाट्याने वाढू लागले की तो अधिक तयार होतो. एल प्रकारच्या बिअरच्या साध्या यीस्टला १८ ते २० अंश सेल्सिअस मानवते, तशी कक्षा पाकिटावरही छापलेली असते; एप्रिल-मेमध्ये मात्र येथे दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो, शिवाय आंबणारा द्रव खोलीहून काही अंश अधिकच तापतो. म्हणून उकळलेला वर्ट (माल्टचा गोड अर्क) २० अंशांखाली आणूनच यीस्ट घालावे, बादली पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवून तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळावा आणि घंगाळातील बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. पहिले तीन दिवस हे कसोशीने पाळावे. पुढे थोडी ढिलाई चालते. मात्र कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार परवान्याविना घरीही मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि सीमेपलीकडे चंदगडला जाऊनही सुटका नाही, कारण महाराष्ट्रातही परवाना लागतोच.