जनगणनेत माहिती देऊन आपल्या समाजाच्या पदरात काय पडतं?

तुमचा प्रश्न रास्त आहे. मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावचा आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

ग्रामपंचायतीत सात सदस्य की सतरा, हे लोकसंख्येवर ठरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही त्यावरच. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकांमागे एक. रेशनचं तर फारच वाईट झालंय. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, पण लाभार्थ्यांचा इष्टांक (म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं याची ठरवून दिलेली संख्या) अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला. २०२१ ची मोजणी झालीच नाही. नवीन सुनेचं, लेकराचं नाव चढवायला गेलं की 'इष्टांक संपला' हे उत्तर मिळतं. माणूस समोर उभा असतो, पण आकड्यात नसतो.

आता माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. म्हणजे ऐन गाळप हंगामात! तेव्हा आमची माणसं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर असतात आणि गावात उरतात म्हातारी माणसं. २०११ चा नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद तो असेल तिथे करायची. म्हणजे गावच्या यादीतून तो गेलाच. मग कारखान्याजवळच्या कोपीवरही (तात्पुरत्या झोपडीवरही) कुणी फिरकलं नाही, तर तो कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

म्हणून मुकादमांनी, म्हणजे मजुरांना तोडीला नेणाऱ्यांनी, आपली टोळी कुठे उतरली आहे ते तिथल्या ग्रामपंचायतीला कळवावं. प्रगणक (मोजणीला येणारा कर्मचारी) आला की जन्मगाव, आधीचा मुक्काम आणि स्थलांतराचं कारण नीट सांगावं. कुठल्या जिल्ह्यातून किती माणसं कामासाठी बाहेर पडतात, हे त्यातूनच दिसतं. लेकरांसाठी हंगामी वसतिगृह मागताना नुसतं 'आमची खूप माणसं जातात' म्हणून कुणी ऐकत नाही हो.

जातीचंही तसंच. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून आलेलेच नाहीत, यावेळी ती नोंद होणार आहे. तुमच्या जातीचं नाव काय लिहिलं, ते प्रगणकाला वाचून दाखवायला सांगा.

माहिती दिली तर अंगाशी येईल, असं वस्तीत कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगा: १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही वैयक्तिक माहिती गोपनीय असते, कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत. आणि घरातल्या बाया-लेकरांची नावं आधी सांगा, गडबडीत तीच सुटतात.