तासाचे पैसे आणि वर्षाचा पगार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी डॅलसला असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिला दोन ऑफर आल्यात, एक कायमची नोकरी वर्षाला ८५,००० डॉलर, दुसरी कॉन्ट्रॅक्टवर तासाला ४५ डॉलर. ती म्हणते कॉन्ट्रॅक्टमध्ये साडेआठ हजारांच्या वर जास्त सुटतात. खरंय का हे?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, गुणाकार तिचा बरोबर आहे. तिकडे आठवड्याचे ४० तास आणि ५२ आठवडे, म्हणजे वर्षाचे २०८० तास धरतात, त्याला ४५ ने गुणलं की ९३,६००. (तोंडी अंदाज हवा असेल तर तासाचा दर दुप्पट करून पुढे हजार म्हणायचं, ९० हजार.) पण कॉन्ट्रॅक्टवर जेवढे तास भरले तेवढेच पैसे, आणि वर्षभर एकही दिवस न चुकवता काम कोण करतं हो? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात भरपगारी सुट्टी द्यायची सक्तीच नाहीये. समजा सरकारी सुट्ट्यांचे ११ दिवस, भारतात यायचे १० आणि आजारपणाचे ५ धरले, तर २६ दिवस म्हणजे २०८ तास गेले, उरले १८७२, आणि त्याचे होतात ८४,२४०. म्हणजे पगारापेक्षा कमीच की! वर हेल्थ इन्शुरन्स स्वतः काढावा लागला आणि त्याचे महिन्याला ६०० डॉलर जरी धरले तरी ७,२०० आणखी गेले, म्हणून माझ्या मते तासाला ५० च्या खाली तिने हो म्हणू नये.

अजून दोन गोष्टी तिला नक्की विचारायला सांगा. पैसे डब्ल्यू-२ वर (म्हणजे कंपनीची पगारी नोकर म्हणून) मिळणार का १०९९ वर (म्हणजे स्वतंत्र ठेकेदार म्हणून), कारण १०९९ असेल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (तिकडचं पेन्शन आणि म्हातारपणीचा आरोग्य विमा यांसाठीचा कर) कंपनीचा वाटाही तिच्याच खिशातून जातो, ७.६५ च्या जागी १५.३ टक्के. आणि दुसरं म्हणजे ओव्हरटाइम. ४० तासांच्या वर दीडपट असं सगळे सांगतात पण तासाला २७.६३ डॉलर किंवा जास्त घेणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांना तो नियम लागू होत नाही, तेव्हा दीडपट मिळेल असं गृहीत धरून हिशोब करू नका.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये आहे, पगार २०,८००. तासाचा दर काढताना मालक ३० ने भागतो, मित्र म्हणतो २६ ने. कोण बरोबर?
– चाकण

उत्तर : तुमचा मित्र. आठवड्याची सुट्टी सोडली की महिन्याचे कामाचे दिवस २६, किमान वेतनाचा रोज आणि महिना याच आकड्याने जुळवतात, ग्रॅच्युइटीतही १५ भागिले २६ च असतं. २६ गुणिले ८ म्हणजे २०८ तास, वर्षाचे २४९६, आणि ४८ तासांचा आठवडा ५२ ने गुणला तरी बरोब्बर २४९६ च येतात. म्हणजे तुमचा दर तासाला १०० रुपये. ३० ने भागला की ८६ रुपये ६७ पैसे होतो, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो त्यामुळे जादा कामाच्या एकेका तासाला जवळजवळ २७ रुपये तुमचे कमी पडतायत, हे सोडू नका. पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचे तास वेगळे लिहिलेत का ते आधी बघा, नसतील तर आजपासून वहीत तारीख आणि तास लिहायला लागा आणि ती वही घेऊनच मालकाशी बोला.