विजयदुर्गला जायचं तर आधी पंचांग उघडा

प्रश्न (पुणे): आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. डिसेंबरात तीन दिवस त्यांना घेऊन मी आणि माझा मुलगा कोकणात जायचं म्हणतोय. समुद्र, किल्ला, देऊळ सगळं हवं पण गर्दी नको. गेल्या वर्षी एका फेमस बीचवर पार्किंग शोधण्यातच तास गेला, आई वैतागली. कुठे नेऊ?

उत्तर: ताई, विजयदुर्गला न्या. माझं माहेर देवगड तालुक्यातलं आहे म्हणून नाही सांगत, बाबांच्या गुडघ्यांचा विचार करूनच सांगतेय. घाटावरचे किल्ले म्हणजे आधी दोन तास चढा आणि मग किल्ला बघा, इथे तसं काही नाही, गाडी दरवाजाच्या जवळपर्यंत जाते, एसटी तर बंदरावरच सोडते आणि तिथून किल्ला समोरच, आत गेलं की बरीचशी चाल सपाट आहे. तटावर जायच्या पायऱ्या मात्र उंच-सखल आहेत, काही ठिकाणी कठडाही नाही, त्यामुळे बाबांनी सगळा तट फिरायचा हट्ट करू नये. एखाद्या सोप्या बुरजावर हात धरून नेलंत तरी पुरे, तिथून वाघोटन खाडीचं मुख, उघडा समुद्र आणि मच्छीमारांच्या होड्या सगळं एका जागी उभं राहून दिसतं.

किल्ला मूळचा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, 12व्या शतकाच्या शेवटाचा. तेव्हा त्याला घेरिया म्हणायचे. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं. तीन बाजूंनी पाणी आणि एकात एक अशी तिहेरी तटबंदी, हे आत शिरताना लक्षात येतं, एक दरवाजा पार केला की वाटतं आलो आत आणि समोर परत भिंत. पुढे आंग्र्यांचं आरमार इथे होतं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले, पेशव्यांचं सैन्य जमिनीकडून, आणि तुळाजी आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळून गेली. आपल्याच माणसांच्या मदतीने आपलं आरमार बुडालं, मला आजही त्या खाडीकडे बघून वाईट वाटतं, खरंच वाटतं. मुलाला हे तिथे उभं करून सांगा.

समुद्राकडच्या तटात तोफगोळ्यांचे खळगे आहेत तेही त्याला दाखवा. मी सहा-सात वर्षांची असताना आजीने माझा हात धरून तसल्या एका खळग्यात ठेवला होता, माझी अख्खी मूठ आत गेली, बाहेरचा चिरा उन्हाने चटका बसेल इतका तापलेला आणि आतला दगड गार. तो गारवा अजून तळहाताला आठवतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात विजयदुर्ग आहे, तेव्हा आता गर्दी वाढेल, तुम्ही लवकर जाऊन या.

एक कळकळीची विनंती आहे, बरेच लोक मालवण-रत्नागिरीच्या वाटेवर भर दुपारी इथे तासभर थांबतात, घामाघूम होऊन चार फोटो काढतात आणि पुढे जातात. तसं करू नका. दोन रात्री गावात घरगुती सोय बघून राहा. सकाळी लवकर किल्ला करा, ऊन चढायच्या आत घरी या, जेवून झोपा, चार वाजता चहा घेऊन बाहेर पडा. मी स्वतः एकदा मावशीला मे महिन्यात बारा वाजता किल्ल्यात नेलं होतं आणि तिला चक्कर आली, सावलीत बसवून पाणी पाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, तेव्हापासून मी सगळ्यांना आधी वेळ सांगते आणि मग जागा.

संध्याकाळी गिर्येच्या रामेश्वराला जा, तीन-चार किलोमीटर असेल. हे देऊळ रस्त्यावरून दिसतच नाही, जांभ्या दगडात कापलेल्या वाटेने खाली उतरत जायचं, दोन्ही बाजूंना दगडाच्या उंच भिंती आणि एकदम खाली मोकळं अंगण. उतरताना सोपं वाटतं, वर येताना बाबांना दोनदा थांबवा. दुसऱ्या दिवशी वाडा गावचं विमलेश्वर बघा, डोंगरात कोरलेलं देऊळ, गार सावली, तिथे बोलावंसंच वाटत नाही. तिसऱ्या दिवशी देवगडवरून कुणकेश्वर, मंदिर अगदी समुद्राला लागून आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते पण डिसेंबरात मधल्या वारी गेलात तर आईला शांतपणे बसता येईल.

पुण्याहून कोल्हापूर-गगनबावडा करून तळेऱ्याला यायचं आणि तिथून विजयदुर्गचा रस्ता धरायचा, घाट कुठला चालू आहे ते निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. रेल्वेने येणार असाल तर वैभववाडी, नांदगाव किंवा कणकवली. कॅश जवळ ठेवा. आणि जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आई-बाबा मासे खात नसतील तर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला सांगा, वर सोलकढी. हॉटेलच्या पनीरपेक्षा शंभर पटीने बरं.

प्रश्न (सोलापूर): आमच्याकडे समुद्र नाही त्यामुळे काहीच कळत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी एकदम पायरीपर्यंत आलेलं, बीच दिसलाच नाही! मुलं रडकुंडीला आली. भरती-ओहोटी कधी असते हे आधी कसं कळणार? आणि मुलांना पाण्यात कधी सोडावं?

उत्तर: दादा, हे मला सगळ्यात आवडणारं काम, कारण यासाठी अ‍ॅप पण लागत नाही, घरातलं कालनिर्णय पुरतं. तिथी बघा, तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटे पण आणि दुपारी पण. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला, पण प्लॅन करायला एवढं भरपूर आहे. आमच्याकडचे जुने लोक अजून असंच बोटांवर मोजतात.

आता यातून काय निघालं बघा. तुम्हाला संध्याकाळी सूर्य बुडताना लांबरुंद वाळू हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास या, तेव्हा ओहोटी पाचच्या सुमाराला येते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास आलात तर संध्याकाळी सहाला पाणी पायरीला. तुमचं बहुतेक तेच झालं असणार. त्या दिवसांत भांग असतो, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी.

ओहोटीला मुलांना नुसतं खाली बसून वाळूकडे बघायला सांगा. पाणी सरकलं की बारीक बारीक खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूला टाकतात, दहा मिनिटांत बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी तयार. तुमची सावली पडली की सगळे गायब. परत यायला दोन-तीन मिनिटं घेतात, तेवढं गप्प बसायचं. माझी भाचरं मोबाईल विसरून तासभर बसली होती. खडकांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका दिसतील, त्यांच्याशी बोला, पण त्या कामात असतात हे लक्षात ठेवून बोला, परवानगीशिवाय फोटो नको. आणि खडकावर अनवाणी अजिबात चालू नका, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. कुणकेश्वरला ओहोटीला खडकात कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात, तिथे तर शेवाळ्यावरून पाय घसरतोच.

मुलांना पाण्यात न्यायचं तर पाणी चढत असताना, वाळूच्या सपाट बाजूला, कमरेच्या वर नाही, आणि मोठं माणूस समुद्राच्या बाजूला उभं. पाणी उतरत असताना ओढ बाहेरची असते. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे कधीच नाही, वरून संथ दिसतं आणि खालून ओढतं. पावसाळ्यात तर पाऊलही नको, 1 जून ते 31 जुलै आमचे मच्छीमारसुद्धा यांत्रिक बोटी बाहेर काढत नाहीत. आणि गावातला कोणी म्हातारा म्हणाला की आज नको, तर कारण विचारत बसू नका, मागे फिरा.

प्रश्न (नाशिक): मी शाळेत विज्ञान शिकवते. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला आणि तो लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने लावला असं दरवर्षी मेसेज येतो. मुलांना सांगू का?

उत्तर: बाई, अर्धं सांगा. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं, आणि सावलीचा पट्टा आपल्या या बाजूने आत शिरून विजापूर, गुंटूर असा गेला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणारे रंग आणि रेषा, बघितला. नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा भारतात नव्हताच. त्याने 20 ऑक्टोबर 1868 ला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारची ती वेगळी पिवळी रेष पुढे नव्या मूलद्रव्याची ठरली. सूर्य म्हणजे ग्रीकमध्ये हेलिओस, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर तो सापडला 1895 मध्ये, रॅमसे या शास्त्रज्ञाला, युरेनियमच्या एका खनिजात.

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा दाखवतात, 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो, आणि मला तो कार्यक्रम आवडतो, गावातली पोरं त्या निमित्ताने वर्णपट म्हणजे काय ते विचारतात. पण लॉकियर तिथे उभा होता असं वर्गात सांगू नका. माझ्या गावाची गोष्ट आहे म्हणून मला जास्तच वाटतं की ती खरी सांगितली जावी. पट्टा डोक्यावरून गेला, भर सकाळी अंधार झाला, एवढं आमच्या किल्ल्याला पुरेसं आहे.

प्रश्न (ठाणे): मार्च अखेरीस देवगडला आलो तर हापूस मिळेल ना?

उत्तर: मिळेल, पण महाग, सुरुवातीचा माल असतो तो. पोटभर खायचा तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. रस्त्यावरून पेटी घेण्यापेक्षा राहाल त्या घरी विचारा, त्यांचीच चार कलमं असतात नाहीतर शेजाऱ्यांची असतात. कडक, हिरवट फळ घ्या, गवतात घालून एक थर लावा, रोज हाताने उलटा, आणि देठाजवळ वास आला की कापा. फ्रीजमध्ये ठेवू नका.