विद्यापीठ निवडताना रविवार रात्रीची बस बघा

प्रश्न: मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या एमएससाठी अमेरिकेतल्या चार सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे: इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन), मिनेसोटा (ट्विन सिटीज), टेक्सास ए अँड एम आणि अ‍ॅरिझोना स्टेट. विषय, प्राध्यापक, फी हे सगळं त्याने नीट तपासलं आहे. आम्हाला अंदाज येत नाही तो तिथल्या वातावरणाचा. दीर म्हणतात टेक्सास घ्या, माणसं मोकळी असतात. मैत्रिणीची मुलगी अ‍ॅरिझोनात आहे, ती म्हणते इथे निम्मा वर्ग आपलाच. मुलगा व्हिडिओ बघून स्टेडियमच्या प्रेमात पडला आहे आणि मला थंडीची धास्ती वाटते. मुलगा अबोल आहे, शाकाहारी आहे, घर सोडून कधी राहिलेला नाही, चारचाकी चालवत नाही. पन्नास हजार मुलांच्या गर्दीत तो हरवून तर जाणार नाही ना? – एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगा चारचाकी चालवत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. पण सगळ्या पत्रात तीच माहिती सर्वांत कामाची आहे. बाहेरून येणाऱ्या एमएसच्या मुलाला वातावरण जाणवतं ते बहुतेक घर, लॅब, किराणा आणि रविवार या चार गोष्टींतून. गाडी नसली, तर या चारही गोष्टी बस आणि पायी अंतर ठरवतात. व्हिडिओतलं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम वर्षातून सहा-सात शनिवारी भरतं. बस रोज लागते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे ही विद्यापीठं इतकी वेगळी का आहेत ते कळेल. १८६२ साली मॉरिल कायदा झाला. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहावीत म्हणून अमेरिकी केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. इलिनॉय, मिनेसोटा आणि टेक्सास ए अँड एम ही तिन्ही त्या कायद्याची लेकरं आहेत. म्हणूनच इलिनॉय आणि टेक्सास ए अँड एम ही दोन प्रचंड विद्यापीठं मोठ्या शहरात नसून शेतांच्या मधोमध आहेत. मिनेसोटा शहरात आहे, पण त्याचाही शेतकीचा कॅम्पस सेंट पॉलच्या बाजूला वेगळा आहे. अ‍ॅरिझोना स्टेटचा उगम शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, १८८५ सालचा. पुढे फिनिक्स महानगर वाढत गेलं आणि विद्यापीठ त्याच्याबरोबर पसरत गेलं.

आता इलिनॉय. अर्बाना आणि शॅम्पेन ही दोन जुळी गावं, सभोवती क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. कॅम्पसच्या ऐन मध्यात मॉरो प्लॉट्स नावाचं प्रयोगाचं शेत आहे, १८७६ पासून चालू असलेलं. शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. या गावाचा स्वभाव त्यातून कळतो: गाव विद्यापीठासाठी जगतं, दुसरं मोठं आकर्षण तिथे नाही. शिकागो उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे आणि बस दोन्ही आहेत, तीनएक तास धरा. मेकॅनिकलची इमारत ग्रीन स्ट्रीटवरच आहे आणि दुकानं, खानावळीही त्याच रस्त्यावर. एमएसची बरीच मुलं दोन-तीन किलोमीटरच्या आत राहतात. गावातल्या बसमध्ये विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं की तिकीट लागत नाही, कारण त्याचे पैसे फीमधूनच घेतलेले असतात.

तिथली नेहमीची तक्रार म्हणजे कंटाळा. शिकागोच्या उपनगरांतून आलेली पदवीची मुलं सुट्टी लागली की घरी जातात आणि नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात, डिसेंबर अखेरीस, मे महिन्याच्या मध्यानंतर गाव ओस पडतं. बसच्या फेऱ्याही तेव्हा कमी होतात. नवख्या मुलाला खरा धक्का त्या दिवसांत बसतो, वर्ग चालू असताना नव्हे. पण याच लहानपणाचा फायदा असा, की तीच माणसं लॅबमध्ये, बसमध्ये आणि किराण्याच्या दुकानात पुन्हा पुन्हा भेटतात. अबोल मुलाची मैत्री अशा पुनरावृत्तीतूनच होते.

मिनेसोटा हे खरं शहरातलं विद्यापीठ. मिसिसिपी नदी कॅम्पसच्या मधून वाहते. ईस्ट बँक आणि वेस्ट बँक जोडणाऱ्या वॉशिंग्टन अव्हेन्यू पुलाच्या वरच्या मजल्यावर पादचाऱ्यांसाठी बंदिस्त मार्ग आहे, थंडीत त्याचं मोल कळतं. खालून गाड्या आणि ग्रीन लाइन ही ट्राम जाते. २०१४ पासून ती मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या दोन्ही शहरांची मध्यवस्ती जोडते. ईस्ट बँकेवरच्या कितीतरी इमारती गोफर वे नावाच्या भुयारी आणि बंद मार्गांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. गाडीशिवाय शहरी आयुष्य या चारांत कुठे जमेल, तर इथे.

तुमच्या धास्तीबद्दल. जानेवारीत तिथे सरासरी तापमान उणे नऊच्या आसपास असतं आणि काही रात्री उणे पंचवीसपर्यंत जातं. इलिनॉय त्यापेक्षा सौम्य, पण सपाट मैदानावरून वारा थेट अंगावर येतो. तरी थंडीची सोय कपड्यांनी होते. मुलं खचतात ती बहुधा अंधाराने. डिसेंबरमध्ये दोन्ही ठिकाणी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या लेक्चरला आत गेलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा रात्र झालेली असते, थेट फ्लॅटवर जातो आणि दार लावून घेतो. असे सहा आठवडे गेले की झोप उलटते, जेवण चुकतं, आणि घरी फोनवर तो "थंडी आहे" एवढंच सांगतो. यावर उपाय ऑक्टोबरमध्येच करायचा: दिवसा उजेडात रोज अर्धा तास बाहेर चालणं, आणि संध्याकाळी आठवड्यातून दोन ठरलेल्या ठिकाणी जाणं, मग ते बॅडमिंटन असो वा ग्रंथालयातला अभ्यासाचा गट. कपड्यांचं म्हणाल तर आतले थर्मल इथून द्या. पार्का म्हणजे टोपीचा जाड लांब कोट आणि खाली पकड असलेले, पाणी न शिरणारे बूट तिथेच घेऊ द्या. इथले जाकीट त्या वाऱ्याला पुरत नाही. खोल्या आतून उबदार असतात, म्हणून एकच जाड स्वेटर देण्यापेक्षा सहज काढता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे.

माणसांचं. मिनेसोटाची माणसं कमालीची सौजन्याने वागतात, रस्ता विचारला तर सोबत चालत येतील. पण त्यांची मित्रमंडळी अनेकदा शाळेपासूनची असतात आणि "कधीतरी भेटू" हे निमंत्रण नसतं. आपली मुलं वाट बघत बसतात आणि मग दुखावतात. तारीख, वेळ, जागा आपण सुचवली की तीच माणसं आनंदाने येतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

टेक्सास ए अँड एमबद्दल दीरांचं म्हणणं बरोबर आहे, पण अपुरं. माणसं मोकळी आहेतच. अनोळखी मुलंही वाटेत "हाउडी" म्हणतात. पण हे विद्यापीठ मुळात लष्करी शिस्तीचं. कोअर ऑफ कॅडेट्स हे विद्यार्थ्यांचं लष्करी पथक १९६५ पासून ऐच्छिक झालं, तरी गणवेशातली मुलं आजही कॅम्पसवर दिसतात. मेमोरियल स्टुडंट सेंटर ही युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांची स्मृती, म्हणून आत शिरताना टोपी काढायची आणि भोवतीच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. दरवर्षी २१ एप्रिलला मस्टर होतं: वर्षभरात वारलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांची नावं पुकारतात आणि प्रत्येक नावाला गर्दीतून कुणीतरी "हजर" म्हणतं. मोठ्या विद्यापीठात आपलं कुणी नाही असं वाटणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट होऊ शकते. मात्र त्यात उतरावं लागतं. काठावरून बघणाऱ्याला तेच वातावरण परकं वाटतं, आणि बहुतेक परंपरा पदवीच्या मुलांभोवती फिरत असल्याने एमएसच्या मुलाला आपणहून जावं लागतं.

इथल्या स्टेडियमची क्षमता १,०२,७३३ आणि विद्यापीठ ज्या गावात आहे त्या कॉलेज स्टेशन शहराची लोकसंख्या सुमारे १,२०,०००. यावरून सामन्याच्या शनिवारी काय होत असेल ते बघा: रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, हॉटेलांचे दर अनेक पटींनी चढलेले. तुम्ही भेटीला जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक बघा. ह्यूस्टन दीडशे किलोमीटरवर. विद्यापीठाच्या बस चांगल्या आहेत, पण त्यांच्या मार्गाबाहेर गाडीशिवाय अडतं आणि ऑगस्टच्या दमट उन्हात पायी जाणं कठीण. शिवाय २०१६ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला झाकलेलं पिस्तूल बाळगण्याची कायद्याने मुभा आहे. हे घरी आधीच माहीत असलेलं बरं. आणि वातावरणाचा विषय नसला तरी सांगते: विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर टेक्सासमध्ये परराज्याऐवजी स्थानिक दराने फी लागू शकते. विभागाला तसं स्पष्ट विचारा.

अ‍ॅरिझोना स्टेटसाठी पहिलं काम: प्रवेशपत्रावर कॅम्पस कोणता लिहिला आहे ते वाचा. मुख्य कॅम्पस फिनिक्सला लागून असलेल्या टेम्पी शहरात आहे. पॉलिटेक्निक कॅम्पस मेसा शहराच्या टोकाला, टेम्पीहून चाळीसएक किलोमीटर. नाव एकच, दिनक्रम अगदी वेगळा. टेम्पीत लाइट रेल्वे आहे, फिनिक्सचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, बर्फ नाही. पण उन्हाळा हाच तिथला कोंडून ठेवणारा ऋतू आहे. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. मुलं पोचतात ती ऑगस्टच्या त्याच उन्हात, आणि एसीचं बिल घरभाड्यात धरायला विसरतात.

"निम्मा वर्ग आपलाच" हे तुमच्या मैत्रिणीच्या मुलीने कौतुकाने सांगितलं असेल. पहिले दोन महिने त्याचा खरोखर आधार होतो: खोली मिळते, भांडी मिळतात, डाळ-तांदळाचं दुकान कळतं. पण अबोल मुलगा त्यातच राहिला तर दोन वर्षांत इंग्रजीत गप्पा मारायची सवय होत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत नेमकी तीच लागते. चारही ठिकाणी भारतीय किराणा मिळतो, त्यामुळे शाकाहाराची चिंता सोडा. दुकान बसच्या मार्गावर आहे का, एवढंच बघा.

आता तुम्ही दोघांनी बसून करायचं काम. प्रत्येक विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागातल्या लॅबच्या संकेतस्थळांवर अनेकदा सध्याच्या विद्यार्थ्यांची नावं असतात. त्यातल्या तीन-चार जणांना मुलाने स्वतः ईमेल करावा. त्यांत निदान दोन अभारतीय असावेत. "वातावरण कसं आहे" हे विचारू नये, त्याला सगळे "छान" म्हणतात. विचारायचं हे: गेल्या रविवारी तू दिवसभर काय केलंस? किराणा कुठून आणि कसा आणतोस? रात्री अकराला लॅबमधून घरी कसा जातोस? डिसेंबरच्या सुट्टीत कुठे होतास? चार उत्तरं वाचली की गावाचं चित्र उभं राहतं. गाडी असलेल्याचं आणि नसलेल्याचं उत्तर वेगळं येईल, म्हणून तेही विचारा.

मग नकाशावर विभागाच्या इमारतीपासून मनात असलेल्या घरापर्यंतचा बसप्रवास काढा, वेळ टाका रविवार रात्री साडेनऊ. मंगळवारी सकाळी दहाची वेळ टाकली तर सगळीच घरं सोयीची दिसतात. स्वस्त घर घेऊन मुलं फसतात ती इथेच: महिन्याला शंभर डॉलर वाचतात आणि रात्रीच्या टॅक्सीत त्याहून जास्त जातात, नाहीतर शेवटच्या बसच्या भीतीने मुलगा लॅब लवकर सोडतो आणि गटापासून तुटतो.

माझं मत विचाराल तर, तुम्ही वर्णन केलेल्या मुलासाठी इलिनॉय पहिलं आणि मिनेसोटा दुसरं. लॅब, घर आणि दुकान एका चालण्यात असलेलं गाव त्याला ओळखी करायला लावेल. त्याला शहराची, संगीत-नाटकाची ओढ असेल तर मिनेसोटा वर आणा. त्याचा स्टेडियमचा ध्यास नुसत्या व्हिडिओपुरता नसून अशा सामूहिक गोष्टींत तो खरंच रमत असेल, तर टेक्सासला कमी लेखू नका. मात्र मग निघण्याआधी गाडी चालवायला शिकू द्या.

निर्णय झाला की भाडेकराराकडे लगेच वळा. अशा गावांत करार ऑगस्ट ते ऑगस्ट असतात आणि चांगली घरं आदल्या हिवाळ्यातच जातात. उरलेल्यांतून निवडताना करार प्रत्येक खाटेचा वेगळा आहे की सगळ्यांचा एकत्र, हे आधी वाचा. एकत्र करारात एखादा रूममेट मध्येच निघून गेला तर त्याचं भाडं बाकीच्यांना भरावं लागतं. इलिनॉय-मिनेसोटात घरमालकाकडून जानेवारीचं हीटिंगचं बिल मागा, अ‍ॅरिझोनात जुलैचं विजेचं. द्यायला टाळाटाळ झाली तर ते घर सोडा.